एक वार, दोन वार, पाच लाख

कपाटातल्या जुन्या पासबुकात ७८६ आकडा असलेली शंभराची नोट सापडली, की मध्यमवर्गीय गृहस्थाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मुलाच्या बारावीच्या निकालालाही आलेलं नसतं. संध्याकाळपर्यंत नोट ऑनलाइन जाहिरातीत झळकते. किंमत पाच लाख. खाली सूचना : भाव एकच, घासाघीस करू नये. पाचच का? शेजारच्या जाहिरातीत साडेचार आहेत आणि त्या नोटेला घडी पडली आहे.

ठरीव किमतीची हीच मौज. मागायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी जाहिरात लटकत राहते. पुढचा विक्रेता ती लटकलेली किंमत पाहतो आणि तिलाच बाजारभाव समजतो. किती मागितले ते सगळ्यांना दिसतं. किती मिळाले ते बघायला कोणी जात नाही.

२०१२ साली निघालेल्या वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्यालाही असेच लाखांचे भाव फुटले. मग भामटे आले : नाणं घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने खुलासा केला, की जुन्या नोटा-नाण्यांच्या या व्यवहारात आम्ही नाही, कमिशन मागत नाही आणि आमच्या नावाने मागायचा अधिकार कोणालाही दिलेला नाही.

जाणते संग्राहक म्हणतात, लिलाव करा. त्यांचंही खरं आहे. ईबे १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ या नावाने सुरू झालं, तेव्हा संस्थापक पियर ओमिड्यार यांनी स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर लिलावात टाकला. तो गेला १४ डॉलर ८३ सेंटला! मोडका आहे, कळलंय ना, असं त्यांनी घेणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. आता असल्या वस्तूवर भावाची चिठ्ठी लावायची तरी काय?

अर्थात असा अवलिया दर लिलावाला हजर नसतो. मध्यरात्री संपणाऱ्या लिलावात एकटाच बोलीदार जागा असला, तर आजोबांचा तिकिटांचा आल्बम एक रुपयाला जातो आणि विकणाऱ्याला टपालखर्चही सुटत नाही.

बोलीदार दोन असले तर मात्र अंगात येतं. मालमेंडियर आणि ली या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवर ‘कॅशफ्लो १०१’ या खेळाचे लिलाव तपासले. तोच नवाकोरा खेळ त्याच वेळी, त्याच संकेतस्थळावर ठरीव किमतीला मिळत होता. तरी ४२ टक्के लिलावांत शेवटची बोली त्या किमतीच्या वर गेली. शेजारच्या ठरीव किमतीकडे लक्षच न देता माणसं जास्त पैसे मोजून जिंकली. आणि खेळ कसला, तर पैशाचं शहाणपण शिकवणारा.

ईबेने २००० सालीच लिलावाशेजारी ‘आत्ताच घ्या’ची सोय केली, ती उगाच नाही. आठवडाभर बोलीवर डोळे लावून बसायला संग्राहक तयार असतो. नातवासाठी खेळणं घेणारा नसतो.

पासबुकवाल्या गृहस्थाला हे सगळं एका संग्राहकाने समजावलं. लिलाव लावा, शंभरापासून सुरुवात करा. गृहस्थ दुखावले. शंभर? मग खर्चलीच असती की! जाहिरात अजून आहे. दिवाळीनिमित्त त्यांनी भरघोस सूट दिली आहे : आता फक्त चार लाख नव्व्याण्णव हजार.