गाडी आडवी झाल्यावर : रामदासपेठेतील नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका वेगात पडणाऱ्यांसाठी नाही. त्यांची सोय रामदासपेठेत आधीच उत्तम आहे. सेंट्रल बाजार रोडवर कुठेही उभं राहून मान वळवली (वळत असेल तर) की हाडांच्या डॉक्टरची एखादी पाटी दिसतेच. आपले उमेदवार वेगळे. त्यांची गाडी ताशी शून्य ते पाच किलोमीटर या वेगात आडवी झालेली असते, अंगाला खरचटलेलंही नसतं, आणि त्यामुळेच त्यांची फार पंचाईत होते. थोडं रक्त आलं असतं तर लोक पाणी घेऊन धावले असते. रक्त नाही म्हटल्यावर ते चहाचा ग्लास हातात धरून नुसते बघत राहतात.

प्रथम जागेची निवड. लेंड्रा पार्कच्या गल्ल्यांपासून काचीपुऱ्याकडच्या रस्त्यापर्यंत पडायला जागा भरपूर आहेत, पण नवशिक्याने सुरुवात सिमेंट रस्त्याच्या कडेपासून करावी. नागपुरात सिमेंटचे रस्ते आले तेव्हा रस्ता वर चढला आणि कडेची जमीन होती तिथेच राहिली. मधल्या जागेत गट्टू बसवले. ते पावसाळ्यात खचले. थांबताना उमेदवार सवयीने डावा पाय खाली सोडतो आणि जमीन चार बोटं खाली निघते. स्प्लेंडर असेल तर मांडी तिला सावरून धरते. १९५ किलोची क्लासिक ३५० काही अंशांपर्यंत ऐकते, पुढे ऐकत नाही. त्या क्षणी तिला धरून ठेवण्याचा पराक्रम करू नये, पाय काढून घ्यावा आणि तिला जाऊ द्यावं. लिव्हर दुकानात मिळतो. मनगटासाठी वर सांगितलेल्या पाट्यांकडे जावं लागतं.

दुसरी पद्धत यू-टर्नची. हँडल पूर्ण वळलेलं असताना घाबरून पुढचा ब्रेक दाबावा. गाडीचा उरलासुरला वेग तिला सरळ थांबू देत नाही, वळणाच्या आतल्या बाजूला खेचतो, आणि उमेदवार कसलाही आवाज न करता रस्त्यावर येतो. (ज्यांना पडायचं नाही त्यांनी अशा वेळी अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक वापरावा, पण मग ही मार्गदर्शिका कशासाठी वाचताय?)

तिसरी पद्धत आळशांसाठी आहे. तिच्यात गाडीवर असावंही लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की डांबर मऊ पडतं आणि साइड स्टँडचं टोक त्यात सावकाश रुततं. तुम्ही भरती असलेल्या मावशींना भेटायला वर गेलेले असता. परत येईपर्यंत गाडीही आडवी झालेली असते. स्टँडखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवला तर हा प्रयोग फसतो. दवाखान्यांपुढे एकमेकींना खेटून लावलेल्या दुचाकींतून आपली काढताना शेजारची पडणं, तिने तिच्या शेजारणीला पाडणं हा सामूहिक प्रकार आहे आणि त्याला वेगळी पुस्तिका लागेल.

आता प्रेक्षक. नागपूरचा माणूस मनाने मोठा, त्यामुळे दोघं-तिघं येतातच. पहिला विचारतो, "लागलं तं नाही न भाऊ?" दुसरा म्हणतो, "मागचा ब्रेक मारायचा असते न बाप्पा." तिसरा काही मदत करत नाही, फक्त टाकीवरून नजर फिरवतो आणि म्हणतो, "नवीन दिसून राहिली." लागतं ते हे. यावर उत्तर देऊ नये. दोष गट्टूवर किंवा कुत्र्यावर टाकावा. आपल्या गावाला दोष वाजतगाजत बाहेर नेऊन टाकायची जुनी सवय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांचे बडगे निघतात. खचलेल्या गट्टूचा बडग्या निघाला तर त्याला खांदा द्यायला निम्मी रामदासपेठ येईल.

गाडी उचलण्याची घाई करू नका. आधी चावी बंद. पेट्रोलचा वास येत असेल तर जरा थांबा, आणि चहावाल्या प्रेक्षकाच्या हातात बिडी असेल तर त्याला लांब पाठवा. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढा, नाहीतर मोठ्या जोराने उचललेली गाडी पलीकडच्या बाजूला जाऊन पडते आणि खर्चाचा समतोल साधला जातो. गिअर पहिल्यात असू द्या, म्हणजे ती घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून उकिडवे बसा, एक हात खालच्या बाजूच्या मुठीवर, दुसरा मागच्या पकडदांडीवर किंवा चॅसीवर, आणि पायांच्या जोरावर लहान लहान पावलं मागे टाकत उठा. कंबरेतून वाकून उचलू नका. बघणारा तिसरा माणूस तेच करायला पुढे येतो, त्यालाही थांबवा.

गाडी उभी राहिली, पण सुरू होत नाही. इथे नवशिक्याला रडू येतं. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर खासच, गाडी आडवी झाल्याचं ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केली की त्याचा राग जातो. हे ठाऊक नसलेला उमेदवार बटण दाबत राहतो आणि शेवटी घरी फोन करतो. घरी फोन करणं या मार्गदर्शिकेला मान्य नाही.

कारण घरी बाबा असतात, आणि बाबांची पिढी चेतकची. १९७२ साली आलेली ती बजाजची स्कूटर रुसली की तिला मुद्दाम एका बाजूला झुकवून मग किक मारायची. गाडी आडवी करणं ही त्यांच्या लेखी दुर्घटना नव्हे, सुरू करण्याची रीत. शिवाय चेतकचं अंग पत्र्याचं, पोचा आला तर आतून ठोकून काढला, वर रंग मारला, संपलं. आजच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलला पोचा येत नाही, आतले लॉक तुटतात. बाहेरून सगळं जिथल्या तिथे दिसतं आणि पुढच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर कुणीतरी आत दात वाजवतं.

आता मुख्य काम. उमेदवार सगळ्यात आधी टाकीवरचा ओरखडा पाहतो, त्यावर अंगठा फिरवतो, थुंकी लावून पाहतो. हे चूक. आधी हाताला आणि पायाला लागणाऱ्या वस्तू पाहायच्या. डावीकडे पडली असेल तर क्लचचा लिव्हर आणि गिअरचा दांडा. उजवीकडे पडली असेल तर पुढच्या ब्रेकचा लिव्हर, मागच्या ब्रेकचा पेडल आणि सायलेन्सर. पेडल आत वाकून इंजिनाच्या कव्हरला टेकत असेल तर तो पूर्ण दाबला जाणार नाही, आणि हे तुम्हाला पंचशील चौकात कळेल. लिव्हर थोडासाच वाकला असेल तर तसाच वापरा. तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो, थंड असताना सरळ करायला गेलं की कटकन तुटतो. साध्या गाडीचा नवा लिव्हर शे-दोनशे रुपयांत येतो. हँडल सरळ धरूनही चाक तिरकं दिसत असेल तर दर वेळी काही मोडलेलं नसतं. मेकॅनिक पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरतो, हँडलला एक झटका देतो आणि पैसे घ्यायलाही लाजतो. झटक्याने नाही आलं तर क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून घेतो.

मग ओरखडा. नखाची परीक्षा घ्या. ओरखड्यावरून आडवं नख फिरवलं आणि ते अडकलं नाही तर ओरखडा वरच्या लॅकरमध्येच आहे. रबिंग कंपाउंड आणि मऊ कापड, एवढ्याने तो बराच पुसट होतो. टूथपेस्ट लावणारेही आहेत. तीही बारीक घासणारी वस्तूच, फक्त गाडीला पुदिन्याचा वास येतो. हे काम नागपुरात सकाळी सावलीत करायचं. दुपारी टाकी तव्यासारखी तापते, कंपाउंड तिथेच वाळून चिकटतं आणि ओरखड्याभोवती पांढरा नकाशा उमटतो. नख अडकलं तर रंगाचं काम आहे, पॉलिशचं नाही. मॅट रंगाच्या गाडीला तर कंपाउंड लावूच नये. ओरखडा राहतो तो राहतोच, वर त्याच्याभोवती एक चकचकीत गोल तयार होतो आणि लांबूनही दिसतो. क्रोम खरवडलं असेल तर त्यावर रंग टिकत नाही, पुन्हा मुलामा द्यावा लागतो.

रेडियमवाल्याकडे जाण्याचा मोह सगळ्यांना होतो. "जय गजानन"चं स्टिकर ओरखड्यावर बसवायला हरकत नाही, महाराज सांभाळून घेतात. पण ओरखडा टाकीच्या खालच्या कोपऱ्यात आणि महाराज तिरके, असं झालं की आईच्या लगेच लक्षात येतं. त्यापेक्षा डावीकडचं नुकसान भिंतीकडे करून गाडी लावावी. उजवीकडचं असेल तर गाडी उलट्या तोंडाने लावावी आणि विचारलं तर "सकाळी काढायला सोपी जाते" असं सांगावं.

विम्याचं थोडक्यात. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, त्यांना स्वतःच्या गाडीसाठी काही मिळणार नाही. बाकीच्यांनी हिशेब करावा. एक वर्ष दावा न करता गेलं की गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत. आरसा आणि इंडिकेटरसाठी दावा केला की ही शिडी पुन्हा तळापासून. वर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, झिरो डेप घेतलं नसेल तर. बिल हाती आल्यावर कळतं की विमा कंपनीने आरशाची काच दिली आणि दांडी तुम्हीच घ्यायची आहे.

आणि रंगकाम? पहिल्यांदा पडल्यावर लगेच कधीच नको. नवशिका एकदा पडून थांबत नाही. नवा रंग सुकतो न सुकतो तोच गट्टू पुन्हा खचतात. पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरेल, म्हणून पावसाळ्याआधी तेवढ्या जागेवर टचअप करून घ्या. बाकीचे ओरखडे वर्षभर राहू द्या आणि ते वाढायचे थांबले की सगळ्यांचं एकदमच काम काढा. लिव्हर, पेडल आणि आरसा मात्र आज संध्याकाळीच दाखवून घ्या.