शाळेत नारायण, शेतावर दगडू

"काकू, कढीपत्ता घ्या. आणि ऐका, आमच्या वंशावळीत घुसलेले ते दगडू कोण, ते कळलं बाई एकदाचं!"

"कोण गं? कुणी चुलते असतील म्हणाली होतीस ना?"

"कसले चुलते! आमच्या आजेसासऱ्यांचे वडीलच ते. शाळेच्या दाखल्यात बापाचं नाव नारायण, फेरफारात मात्र दगडू. आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून हा तरी टिकावा असं म्हणून दगडू हाक मारायचे. तलाठ्यानं गावाच्या तोंडचं नाव लिहिलं."

"पण दोघे एकच, हे ठरवलंस कसं?"

"नाव सोडलं आणि नाती धरली. जुन्या कागदात 'दगडू बिन सखाराम' आहे. गाव तेच, सर्व्हे नंबर तोच, मुलांची नावं तीच. त्र्यंबकेश्वरी आमच्या उपाध्यांच्या वहीत 'नारायण सखाराम' निघाले, खाली तीच मुलं. पूजेला बसल्यावर माणूस पाळण्यातलंच नाव सांगणार ना!"

"आपल्याकडं हे असंच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं आणि सुनेनं ते तोंडात घ्यायचं नाही. सासऱ्यांचं नाव घेऊन पोराला 'मेल्या' कसं म्हणणार? मग नाना, तात्या, बापू! नानासाहेब पेशवे खरे बाळाजी, आजोबा बाळाजी विश्वनाथ. नाना फडणवीसही बाळाजीच, आणि त्यांचेही आजोबा बाळाजी."

"पुरुषांचं निदान बापाच्या नावावरून लागतं हो. बायकांचं तर लग्नात बापाचं नाव, आडनाव आणि स्वतःचं नाव, सगळंच बदलायचं."

"तर काय! डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच."

"आमच्या दगडूंची बायको अशीच हरवलीय. कागदात नुसती 'भ्रतार दगडू'."

"मुलांच्या मामाचं गाव शोध. मामा सापडला की त्याची बहीण सापडेल."

"बघते. आधी वारसनोंदीसाठी प्रतिज्ञापत्र करायचंय, दोन्ही नावं एकाच माणसाची म्हणून."

"ते करशील, पण तुझ्या घरचं बघ. तुझ्या नवऱ्याला अख्खी गल्ली 'भाऊ' म्हणते, तू 'अहो' म्हणतेस. खरं नाव कुठं आहे? लाइटबिलावर तरी?"

"लाइटबिल अजून मामंजींच्याच नावावर येतं!"

"झालं तर मग! तुझे पणतू म्हणतील, आमचे खापरपणजोबा वारल्यावरही वीस वर्षं नियमानं बिल भरत होते."