बेवारस प्रकरणांच्या काकू

वाचणारी माणसं मिळायला अडचण नसते. ‘तुमचा आवाज अगदी रेडिओसारखा आहे हो’ असं आयुष्यात एकदा तरी ऐकलेला माणूस आपल्याकडे दर इमारतीत एक सापडतो. कुणी शाळेत रोज प्रतिज्ञा सांगितलेली असते, कुणी आकाशवाणीच्या ऑडिशनला जाऊन आलेलं असतं, कुणी सोसायटीच्या गणपतीत अथर्वशीर्षापासून ‘गेटसमोरची पांढरी गाडी ज्यांची असेल त्यांनी’ इथपर्यंतचं सगळं निवेदन एकहाती सांभाळलेलं असतं. पण या मंडळींकडून एक अख्खं पुस्तक ध्वनिमुद्रणासाठी शेवटच्या पानासकट वाचून घेणं हे निराळं खातं आहे. त्या खात्याच्या प्रमुख म्हणजे काकू.

या काकू कोथरूडला असतात, नौपाड्यात असतात, पार्ल्यात तर दोन-दोन असतात. नोकरी बहुधा विमा किंवा पोस्टात झालेली. म्हणजे जिथे कागद टेबलावरून हलल्याशिवाय माणसाला घरी जाववत नाही अशा जागी. स्वतः त्या वाचत नाहीत. ‘माझा आवाज रेशनच्या रांगेतला’ असं स्वतःच सांगून मोकळ्या होतात. आमच्या काकूंनी हाती घेतलेल्या पुस्तकाचा विषय ‘अभिजात साहित्यातली फुलं’, आणि त्यांच्या गॅलरीत एक तुळस आणि एक कोरफड. फुलं त्या हारवाल्याकडून पुडीत घेतात, तीही देवापुरती. साहित्याबद्दल म्हणाल तर वाचन बेताचं. मग हा उद्योग कशासाठी? काकूंना जगात एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे ‘बाकी’. रकान्यात ‘बाकी’ असा शब्द दिसला की त्यांना जेवण जात नाही.

पुस्तक वाचून घेण्याची ही विद्या त्यांनी लिब्रिवॉक्सवरून उचलली. माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी २००५ साली सुरू केलेला हा उपक्रम; हक्क संपलेली पुस्तकं जगभरच्या हौशी लोकांनी घरी बसून वाचायची आणि कुणीही फुकट ऐकायची. तिथल्या नियमांची काकूंनी मराठीत पोथी केली आहे. सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद शांतता. शेवटी ५ सेकंद शांतता. आवाजाची पातळी ८९ डेसिबलच्या आसपास. डेसिबल म्हणजे काय हे काकूंना विचारू नये. ८७ आले की त्या ‘जरा भूक लागल्यासारखं वाचलंय’ म्हणतात आणि फाईल परत पाठवतात.

पुस्तकाचा बेत मोठा होता. कालिदासाच्या काव्यनाटकांतली फुलं संस्कृतच्या एका निवृत्त बाईंनी सोप्या गद्यात सांगायची आणि पुढे मराठीतले वेचे जोडायचे. वेचे म्हटल्यावर कॉपीराइट आला. आपल्याकडे लेखक गेला की पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. दृष्टिहीनांसाठी कायद्यात २०१२ पासून वेगळी सवलत आहे, पण काकूंना पुस्तक सगळ्यांनाच खुलं हवं होतं, त्यामुळे ती इथे कामाची नव्हती. तेव्हापासून काकू साहित्यिकांकडे मुदत ठेवीसारखं बघतात. ‘बालकवी १९१८, मोकळे. तांबे १९४१, मोकळे. साने गुरुजी १९५०, मोकळे.’ बोरकरांचं नाव निघालं की त्या सुस्कारतात, ‘१९८४. म्हणजे २०४५च्या १ जानेवारीला बघू.’ दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ तर दर बैठकीत कुणी ना कुणी सुचवतंच. ‘दुर्गाबाई २००२, शांताबाई शेळके २००२. दोघी २०६३ला सुटतील. मी काही तोवर नसणार, पण यादीत लिहून ठेवते,’ असं म्हणून त्या खरोखरच लिहून ठेवतात. त्याच वहीत कालिदासापुढे शेरा आहे : ‘तारीख मिळत नाही. साठ झाली असावीत.’

प्रकरणांच्या वाटपाची बैठक हा एक पाहण्यासारखा प्रकार असतो. सगळ्यांना बालकवींची ‘फुलराणी’ हवी असते. ती हवी असणाऱ्यांत सत्तरीच्या पुढचे दोन काकाही होते आणि दोघांनी ती शाळेत पाठ केलेली होती. शकुंतला झाडांना पाणी घालतानाचा प्रवेश एका तरुणाने हात वर करून मागून घेतला. त्याने व्हॉइसओव्हरचा कोर्स केलेला होता. ‘तिथे भुंगा त्रास देतो ना, तो मी तोंडाने करू का?’ हा त्याचा पहिला प्रश्न. काकूंनी भुंग्याला मनाई केली. मेघदूतातला यक्ष मेघाला कुटजाची फुलं वाहून स्वागत करतो ते प्रकरण मात्र कुणालाच नको होतं. कुटज म्हणजे आपला कुडा, आषाढात पांढरा होतो, असं बाईंनी समजावल्यावर एक काका म्हणाले, ‘म्हणजे पोट बिघडल्यावर देतात तो? तो मी घेतो, माझ्या परिचयाचा आहे.’ अलकानगरीतल्या बायका हातात कमळ, केसांत कुंद, तोंडाला लोध्राचा पराग, अंबाड्यात कुरबक, कानावर शिरीष आणि भांगात कदंब अशी सहा ऋतूंची फुलं एकाच वेळी मिरवतात, तो भाग बेवारस पडला. कारण त्यात जोडाक्षरं फार. बेवारस प्रकरण लाल रंगात लिहायचं अशी काकूंची रीत आहे, आणि लाल ओळ उरली की त्यांना झोप लागत नाही.

मग प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. मराठी घरात वाचायला जागा मिळते, वेळही मिळतो, मिळत नाहीत ती शेवटची ५ सेकंद. माणूस पंधरा मिनिटं कोकिळेसारखं वाचतो, शेवटचा पूर्णविराम घेतो, श्वास रोखतो, आणि तिसऱ्या सेकंदाला स्वयंपाकघरातून ‘झालं का?’ येतं. नाहीतर कुकर. नाहीतर खालून ‘भंगाऽर’. वसंतऋतूच्या प्रकरणात खरोखरची कोकिळा मागे ओरडली तेव्हा ती ठेवावी की काढावी यावर गटात दोन दिवस मतं पडली. ‘तिने नाव नोंदवलेलं नाही,’ म्हणून काकूंनी ती काढायला लावली.

यावर काकूंचे घरगुती तोडगे आहेत. कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून साड्यांकडे तोंड करून वाचायचं, म्हणजे आवाज घुमत नाही. गोधडी डोक्यावरून घेतली तर उत्तम. एका सद्गृहस्थांची सून तसं दृश्य पाहून घाबरली होती, पण ध्वनिमुद्रण स्वच्छ आलं. दुसरी पंचाईत ‘फ’ची. पुस्तक फुलांचं, त्यामुळे दर ओळीला दोन-तीन वेळा फुंकर माइकवर येऊन आदळते. ऐकणाऱ्याला वाटावं चुलीपुढे बसून वाचतायत. त्यासाठी काकू स्वतः घरोघर जाऊन भरतकामाची रिंग देऊन येतात. जुन्या ओढणीचा तुकडा रिंगमध्ये ताणून बसवलेला, तो माइकच्या चार बोटं पुढे धरायचा. बाजारात ही वस्तू पैसे देऊन मिळते, हे कुणी सांगितलं की काकूंच्या चेहऱ्यावर अपार दया दाटून येते. इंग्रजी शाळेतल्या मुलांचा ‘फ’ वेगळाच, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून निघणारा. त्यांना त्या समोर बसवून आधी ‘फणस’ म्हणायला लावतात. फणस जमला की फुलांकडे.

न्यू जर्सीचा एक स्वयंसेवक गटात आला तेव्हा सगळ्यांना असूया वाटली. त्याच्या घरात पंखा नाही, कुकरची शिट्टी नाही, दारावर कुणी येत नाही. त्याच्या फायलीत शांतता इतकी, की काकूंना आधी वाटलं फाईल बिघडली आहे. पुढे डिसेंबरात त्याचं घर तापवण्याचं यंत्र घरघरायला लागलं आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. आता तोही इतरांसारखाच झाला.

तगादा हीच काकूंची खरी कला. त्या कधीही ‘झालं का’ विचारत नाहीत. सकाळी फोन येतो, ‘काही नाही हो, सहज केला. तब्येत कशी आहे?’ तब्येत बरी आहे असं उत्तर दिलं की माणूस फसला; बऱ्या तब्येतीचा माणूस मग वाचत का नाही? सर्दी झाली आहे म्हणावं तर संध्याकाळी डब्यातून आल्याचा पाक येतो आणि डबा परत न्यायला परवा काकू. मी एकांना जिन्यात आवाज बारीक करून बोलताना पाहिलंय. चार दिवसांपूर्वी फोनवर घसा बसल्याचं सांगितलं होतं, ते निभावत होते. ‘फुलराणी’ मिळवलेले दोन्ही काका शेवटपर्यंत बाकीत राहिले, ही गोष्टही नोंदवायला हवी. ज्याला सगळ्यांत जास्त हवं असतं तो सगळ्यांत शेवटी वाचतो, हा नियम मी नाटकमंडळींतही पाहिला आहे.

तपासणीला मात्र काकूंनी माणूस असा काही पकडला की बोलायची सोय नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, दृष्टी नसलेला एक मुलगा. कौतुक म्हणून त्याला पहिली दोन प्रकरणं ऐकवली. त्याने ती फोनवर दुप्पट वेगाने ऐकली; त्याचा रोजचाच वेग तो. ज्या विरामांसाठी लोकांनी गोधडीत घाम गाळला होता ते सगळे त्या वेगात वाहून गेले. ऐकून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘सहाव्या मिनिटाला शिरीषाचं वाक्य दोनदा आलंय. आणि वाचणाऱ्या आजोबांची कवळी सैल आहे.’ त्याच दिवशी तो तपासनीस झाला. लोक त्याच्यासारख्या श्रोत्यांसाठी पुस्तक करायला आले होते, आता सगळे त्याला टरकून असतात.

शेवटचं प्रकरण अशोकाचं. सुंदर स्त्रीच्या लत्ताप्रहाराने अशोक फुलतो असा आपल्या जुन्या कवींचा संकेत. ‘मालविकाग्निमित्रा’त राणी धारिणीचा पाय दुखावलेला, म्हणून ते काम ती मालविकेला सांगते, झाड पाच रात्रींत फुललं तर बक्षीस कबूल करते, आणि ते फुलतंही. मुदतीत पुरं झालेलं काम म्हणून काकूंचा या एका नाटकावर लोभ आहे. पण गटातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी हट्ट धरला की मध्ये खुलासा वाचलाच पाहिजे : सोसायटीच्या कुंपणाला सरळ उंच वाढलेला असतो तो हा अशोक नव्हे, हा केशरी-लाल फुलांचा सीताअशोक. नाहीतर लोक उद्या कुंपणाला लाथा मारतील. संस्कृतच्या बाईंना रसभंग मान्य नव्हता. सरांनी प्रकरण सोडलं, बाईंनी सरांना सोडलं, आणि अशोक लाल रंगात जाऊन बसला.

तेव्हा काकूंची नजर काकांकडे गेली. काका म्हणजे त्यांचे यजमान. अख्खं पुस्तक होईपर्यंतचा काळ त्यांनी पंखा बंद, टीव्ही बंद आणि खोकला आवरून काढला होता. ‘अहो, तुम्हीच वाचा,’ असं म्हणून काकूंनी त्यांना कपाटासमोर उभं केलं, हातात रिंग दिली. काकांचा आवाज इतका सुरेख निघाला की आम्ही चकित झालो. त्या घरात तो आजवर वापरायचा प्रसंगच आला नसावा. खुलासा त्यांनी वाचला, पाच रात्री वाचल्या, शेवटची ५ सेकंदही विनातक्रार पाळली. फाईल तपासनिसाकडे गेली.

तासाभरात उत्तर आलं, काकूंनी ते तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवलं : ‘आवाज छान. २ मिनिटं १४ सेकंदांना मालविका लाथ मारते ते ऐकू येत नाही, काकांनी शब्द गिळलाय.’

‘घाबरून मारायची नाही,’ काकू म्हणाल्या. ‘परत घ्या. लाथ स्पष्ट आली पाहिजे.’