टाचेतलं चाक

रॉजर ॲडम्स पेशाने मानसशास्त्रज्ञ. आईवडिलांच्या स्केटिंग रिंकवर वाढलेल्या या गृहस्थाने बुटाची टाच कोरून तिच्यात चाक बसवलं आणि २००० साली अमेरिकेत 'हीलीज' कंपनी निघाली. पुढचं मानसशास्त्र मुलांनी आईबापांवर वापरलं.

चालता चालता पंजा उचलायचा, भार टाचेवर टाकायचा. पोरगं सुळकन पसार!

डब्लिनच्या टेंपल स्ट्रीट बालरुग्णालयात २००६च्या उन्हाळ्यात दहा आठवड्यांत ६७ मुलं अशा चाकांवरून पडून आली. बहुतेकांचा हात दुखावलेला, कारण पडताना हातच आधी पुढे होतो. साधारण पाचातल्या एकाचा तर तो पहिलाच प्रयोग. संरक्षक साधनं कुणाच्याच अंगावर नव्हती. असणार कशी? बुटांसाठी घर डोक्यावर घेणारं पोर हेल्मेटचं नाव काढताच 'सगळे हसतील' म्हणतं.

तरी दुकानात बाप हिशेब मांडतो: "चाक काढता येतं, म्हणजे शाळेलाही चालतील." आई वाढत्या पायासाठी एक नंबर मोठा जोड मागते. टाच सैल, चाक मोकळं, काटकसर शाबूत. प्लास्टरचा खर्च तेवढा वेगळ्या वहीत.