सगळं धरून

अमेरिकेला गेलेला माणूस एक वेळ परवडतो. तो डिसेंबरात येतो, चॉकलेटं वाटतो, बाटलीतलं पाणी पितो, तरीही पोट बिघडवून घेतो आणि जातो. त्याची बढाई साधी असते. मोठं घर, मोठी गाडी, मोठा पगार. आपण 'वा वा' म्हणायचं, विषय संपला. पण युरोपातल्या स्वस्त गावात राहायला गेलेला कुणी तुमच्या गल्लीत असेल, तर तुम्हाला जास्त सांगायला नको. तो स्वस्ताईची बढाई मारतो, आणि तिला अंत नसतो.

हैदराबादेत आमच्या काचीगुड्यातला नमुना पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ नावाच्या गावी कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिथलं चलन झ्वोटी, म्हणून गल्लीत त्याचंही नाव झ्वोटीच पडलं. एक झ्वोटी म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. हे तुम्ही विसरलात तरी चालेल, तो विसरू देत नाही.

गेल्या डिसेंबरात मी त्याच्याबरोबर बडी चावडीला भाजी आणायला गेलो, ही माझी हौस. फ्लॉवर चाळीस रुपये म्हटल्यावर त्याने डोळे मिटले. ओठ हलायला लागले. भागाकार चालला होता. भाजीवाली तराजू धरून उभी, मागून एक स्कूटर माझ्या पोटरीत घुसायच्या बेतात, आणि हा ध्यानस्थ. शेवटी डोळे उघडून म्हणाला, "काका, तिथं याच भावात याहून मोठा येतो. सगळं धरून."

फ्लॉवरच्या बाबतीत 'सगळं' काय धरायचं असतं, हे मी विचारलं नाही. भाजीवालीनेच मिटवलं. "तो वहींसे लाको खाओ ना बेटा, इधर कायकू परेशान होते?"

हे 'सगळं धरून' त्याने तिथल्या घरभाड्यातून उचललं. पोलंडात घराच्या जाहिरातीत जो आकडा छापतात तो बहुतेक वेळा नुसता मालकाचा. त्यावर 'चिन्श', म्हणजे इमारतीचा दरमहाचा खर्च, वेगळा. वीज, गॅस, इंटरनेट आणखी वेगळं. शिवाय डिपॉझिट. नवा माणूस पहिला आकडा बघून नाचतो आणि महिनाअखेरीस डोक्याला हात लावून बसतो. झ्वोटीही बसला होता. तेव्हापासून त्याने जगातल्या कुठल्याही आकड्यावर एकट्याने विश्वास ठेवलेला नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला तो ताट केवढ्याला पडतं ते विचारतो. वाढपी 'अमुकला' म्हणाला, की याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "सगळं धरून?"

एकदा तर हद्द झाली. आमच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ गेले. झ्वोटी सुट्टीवर होता, भेटायला आला. खाली मान घालून पाच मिनिटं नीट बसला. मला बरं वाटलं. मग हळूच मुलाला विचारलं, गाडीचे किती घेतले, लाकडांचे किती, गुरुजींचे किती. तो बिचारा सांगत गेला. ह्याने डोळे मिटले. मी पायाने डिवचलं, पण भागाकार सुरू झालेला. "तिथं फार जातात," तो गंभीरपणे म्हणाला, "काकांनी इथंच उरकलं ते बरं केलं. सगळं धरून." आणि मुलाने मान डोलावली हो!

लंडन, झ्युरिक ही नावं त्याच्यापुढे काढायची नाहीत. म्युनिकला गेलेल्या त्याच्या वर्गमित्राला पगार जास्त आहे हे त्याला मान्य आहे. "पण उरतं काय?" स्वतःचं घर बत्तीस चौरस मीटरचं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लिफ्ट नसल्यामुळे जिमचे पैसे वाचतात. जेवायला 'बार म्लेच्नी', दूधवाला बार. बार म्हटल्यावर त्याची मावशी घाबरली होती, पण तिथं दारूचा थेंब नसतो. कम्युनिस्ट काळात सरकारी अनुदानावर पोसलेल्या त्या खानावळी अजून टिकून आहेत. बटाटा आणि चीज भरून उकडलेले पिएरोगी तिथं मिळतात. उकडीच्या करंज्याच त्या, फक्त वरून तळलेला कांदा. गावात जागोजाग काशाचे वीतभर उंचीचे बुटके उभे आहेत. 1980च्या दशकात सरकारविरोधी घोषणा पुसायला भिंतींवर जे रंगाचे पट्टे मारत, त्यांवर तिथल्या पोरांनी बुटक्यांची चित्रं काढून राजवटीची टर उडवली होती, त्याची ही आठवण. गोष्ट सुरेख आहे. झ्वोटी ती सांगतोही सुरेख. पण शेवट काय करतो? "बघायला तिकीट नाही!"

वॉर्साला तो एकदा गेला आणि तिथं त्याला कोल्हापूरच्या नावाचं स्मारक दिसलं. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेले पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे हिंदुस्थानात आले, आणि त्यांतले सुमारे 5,000 जण 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणीत राहिले. हे त्याला तिथं जाऊन कळलं, आम्हाला त्याच्याकडून. सांगताना पहिल्यांदाच त्याने भागाकार केला नाही. नंतर मात्र म्हणाला, "एवढी माणसं पाच वर्षं सांभाळायची, केवढ्याला पडलं असेल हो?" पुढचे दोन शब्द मीच म्हणून टाकले.

मी त्याच्यावर इतका वैतागतो, पण तो अंगवळणीही पडलाय, आणि त्याला कारण आहे. एकदा स्टेशनासमोर इराण्याकडे चहा पिताना मी विचारलं, "अरे, त्या गावात परकं नाही का वाटत?" तो म्हणाला, "काका, तिथं कुणाचाच आजोबा तिथला नाही." 1945 पर्यंत ते गाव जर्मनांचं, ब्रेस्लाऊ. युद्ध हरल्यावर जर्मनांना बाहेर काढलं आणि पूर्वेकडून उठवलेले पोलिश लोक आणून वसवले. "सगळं गावच सामान घेऊन आलेलं आहे."

मी समोरच्या स्टेशनाकडे बघितलं. घुमटांची ही इमारत 1916ची, निझामाच्या काळातली. मनमाडहून येणाऱ्या छोट्या गाडीने जालना, परभणी, नांदेडची किती मराठी माणसं इथं उतरली! झ्वोटीचे आजोबा त्यांतलेच. परभणीकडून वळकटी घेऊन आले, विवेकवर्धिनी शाळेत शिकले, उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून पदवी घेतली, निझामाच्या रेल्वेत चिकटले. भाषा वेगळी, राज्य वेगळं आणि नाणंही वेगळं. इथं हाली सिक्का, पुण्या-मुंबईला इंग्रजांचा कलदार. 7 हाली म्हणजे ढोबळमानाने 6 कलदार. आजोबा उन्हाळ्यात पुण्याला नातेवाइकांकडे जात, मंडईत भाव विचारत आणि उभ्या उभ्या त्याचे हाली करत. मग म्हणत, एवढ्यात आमच्या हैदराबादेत अंगणासकट घर मिळतं. ही हकिकत झ्वोटीच्या वडिलांनी, अण्णांनी, मला सांगितली. पुण्याचे ते नातेवाईक आजोबांना मागे काय म्हणत असतील, याची मला चांगली कल्पना आहे. 1956 साली मराठवाड्याचे 5 जिल्हे मुंबई राज्यात गेले. पुष्कळ जण तिकडे परतले, आजोबा राहिले. का राहिले विचारलं तर अण्णा हसतात. "परवडत होतं."

आता अंगणासकटच्या त्या घरात अण्णा एकटे असतात. वय ऐंशीच्या पुढे. दोन वेळचा डबा येतो, त्यामुळे घरात भाजी शिजत नाही. तरी ते रोज सकाळी काठी टेकत बडी चावडीला जातात. मला कोडं होतं, हे बाजारात करतात काय? एकदा मागे उभा राहून बघितलं. फ्लॉवर, टोमॅटो, कोथिंबीर, एकेकाचा भाव विचारला, खिशातल्या डायरीत पेन्सिलने टिपला आणि दहा रुपयांची कोथिंबीर घेऊन परत फिरले. भाजीवाली मला म्हणाली, "रोज ऐसाच करते. पोट्टे का फोन आता ना रात कू."

व्रोत्स्वाफला डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. इथं तेव्हा सव्वाआठ. तिथं अंधार पडला की झ्वोटी ऑफिसातून फोन लावतो. मी समोर बसून ऐकलंय. तब्येतीची चौकशी अर्ध्या मिनिटात संपते, दोघांनाही ती जमत नाही. मग अण्णा चष्मा लावून डायरी उघडतात. फ्लॉवर पस्तीस. टोमॅटो वीस. कोथिंबीर दहा. पलीकडून मधूनमधून काही ऐकू येत नाही, भागाकार चालू असणार. अण्णा थांबतात. उत्तर आलं की "असं होय" म्हणून पुढचा भाव वाचतात. असं अर्धा-पाऊण तास.

त्या घरासाठी बिल्डर दोनदा येऊन गेला. झ्वोटीने आकडा ऐकला, सगळं धरून आहे का तेही विचारलं नाही, आणि नको म्हणाला.

तुमच्याकडचं कुणी पोलंडला निघालं असेल तर झ्वोटीचा नंबर माझ्याकडे आहे. खुशाल घ्या, तो घर शोधण्यापासून डाळ कुठे मिळते इथपर्यंत सगळं सांगेल, आणि त्याबद्दल काही घेणार नाही. फक्त आपल्या रात्री सव्वाआठ ते नऊ फोन करू नका. लागत नाही.