मापात पाप : श्रीमान सुपर एरिया यांना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान सुपर एरिया,
मुक्काम ब्रोशर, शेवटचे पान, तळटीप,
गुरुग्राम, हरियाणा.

सा. न. वि. वि.

साहेब, आपल्यालाच लिहायचं कारण असं, की बिल्डरला लिहिलं तर त्याचे वकील उत्तर देतात, प्रॉपर्टी डीलरला लिहिलं तर तो नवा प्रोजेक्ट दाखवायला येतो आणि सरकारला लिहिलं तर तक्रारीचा क्रमांक मिळतो. आपला मात्र मी दरमहा हप्ता भरतो आणि आपल्याला अजून एकदाही पाहिलेलं नाही. म्हटलं, ओळख करून घ्यावी.

माझ्या घराच्या कागदांवर 1,745 चौरस फूट आहेत. घरात, म्हणजे कार्पेट एरियात, 1,080 आहेत. मधले 665 म्हणजे आपण. डोंबिवलीच्या ज्या घरात आम्ही पाच माणसं, एक शिवणयंत्र आणि दर उन्हाळ्यात गावाहून येणारे पाहुणे मावत होतो, ते आपल्यापेक्षा लहान होतं. एवढा देह असून कुणाच्या नजरेस न पडणं, ही किमया आजवर फक्त परमेश्वराला जमली होती. त्याच्यासाठी निदान वीस वर्षांचं कर्ज काढावं लागत नाही.

आपण कुठे असता, हे मी बुकिंगच्या वेळी सेल्सच्या मुलाला विचारलं होतं. त्याने बोटावर मोजून सांगितलं : जिन्यात, लिफ्टच्या विहिरीत, लॉबीत, क्लब हाऊसमध्ये, गार्डच्या केबिनमध्ये, जनरेटरच्या खोलीत. मग तो म्हणाला, "सर, सुपर पे मत जाइए, लाइफस्टाइल देखिए." मी लाइफस्टाइल पाहिली. सॅम्पल फ्लॅटला आतली दारं नव्हती आणि पलंग इतका आखूड होता, की त्यावर झोपायला माणूसही सुपर बिल्टअप नव्हे तर कार्पेट मापाचाच लागला असता. आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिने सगळ्या खोल्या बघितल्या, स्वयंपाकघर दोनदा बघितलं आणि म्हणाली, "छान आहे रे. आणि बाकीचं घर कुठाय?" मी तिला खाली नेऊन दोन मजले उंचीची लॉबी दाखवली. ती म्हणाली, "इथे बसायचं कुणी?" याचं उत्तर आपण द्यावं.

आपण हिशेबात फार चोख आहात, हे मात्र मानलं पाहिजे. घर घेताना एकदा आपले पैसे द्यायचे आणि सुटायचं, असं नाही. मेंटेनन्स दर चौरस फुटावर, आणि ते चौरस फूट सुपरचे. मेंटेनन्सचं बिल महिन्याला साडेसात हजारांच्या वर गेलं की त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे जिथे मी पाय ठेवत नाही तिथली फरशी मी पुसून घेतो आणि त्या पुसण्यावर करही भरतो. हरियाणात शहरी भागात दस्त बायकोच्या नावावर केला तर मुद्रांक शुल्क 7 ऐवजी 5 टक्के लागतं, त्यामुळे नोंदणीच्या दिवशी इथल्या पुरुषांचं पत्नीप्रेम उफाळून येतं. माझंही आलं. तेव्हा कायद्याने घराची मालकीण ती आहे, आणि तिच्या 665 फुटांवर ठाण मांडून बसलेले आपण कोण, हे तीही विचारते आहे.

आपल्या खानदानाशी आमची ओळख जुनी आहे. महाराष्ट्रातही आपले चुलतभाऊ 'बिल्टअप' आणि 'सेलेबल' सुखाने नांदत होते. 2008 मध्ये मोफा कायद्यात दुरुस्ती झाली आणि विक्री कार्पेट एरियावरच करावी, असं ठरलं. तरी ते नावं बदलून कुठे ना कुठे दिसतात, हे वेगळं. पुढे रेरा हा कायदा आला. 1 मे 2017 पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्याने कार्पेट एरियाची व्याख्याच बांधून दिली : बाहेरच्या भिंती नाहीत, डक्ट नाहीत, बाल्कनी नाही, आतल्या भिंती मात्र धरायच्या. आम्हाला वाटलं, आता आपल्या तेराव्याचं जेवण. पण आपण इतक्या सहज जाणारे नव्हेत. करारात कार्पेटचा आकडा आला, आणि तोंडी सगळा व्यवहार आपल्याच नावाने चालू राहिला. आजही डीलर भाव सांगतो तो सुपरचा, शेजारी फुशारकी मारतो ती सुपरची. लग्न जमवतानासुद्धा मुलाचा फ्लॅट सुपरमध्येच सांगितला जातो.

कार्पेटने मोजणं हरियाणाला जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. याच राज्याने 2013 मध्ये परवडणाऱ्या घरांचं धोरण आणलं. त्यात घर जास्तीत जास्त 60 चौरस मीटरचं, वाटप सोडतीने, आणि गुरुग्रामसाठी सुरुवातीचा दर चौरस फुटाला 4,000 रुपये. कुठल्या चौरस फुटाला? कार्पेटच्या! म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याला सरकार खरं माप देतं. ज्याच्याकडे जरा जास्त, त्याच्याशी आपली गाठ घालून देतं. आमच्याकडे म्हण आहे, मापात पाप करू नये. इथे पाप करायला आधी ऐपत लागते.

आणि ऐपतीला तोटा नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सेक्टर 63 मध्ये डीएलएफ या बिल्डरने 'द आर्बर'ची 1,137 घरं तीन दिवसांत विकली, सुमारे 8,000 कोटींना. जानेवारी 2024 मध्ये 'प्रिव्हाना साउथ'ची 1,113 घरं 72 तासांत गेली, 7,200 कोटींना. भाजीवाल्याकडे दोडका दाबून बघणारी माणसं इथे पाया खणायच्या आधीच ईओआयचा, म्हणजे 'घ्यायची इच्छा आहे' एवढंच सांगणारा, चेक फाडतात. 2024 च्या अखेरीस गोल्फ कोर्स रोडवरच्या 'कॅमेलियाज'मधलं एक पेंटहाऊस 190 कोटींना गेलं. क्षेत्रफळ 16,290 चौरस फूट. चौरस फुटाला साधारण एक लाख सोळा हजार. वर्तमानपत्रं लगेच मुंबईशी तुलना करायला बसली. तेव्हा त्यांना आपली आठवण झाली, कारण मुंबईचा भाव कार्पेटवर आणि इथला आपल्यावर. दोन शहरांची श्रीमंती मोजायची तर आधी आपल्याला बाजूला बसवावं लागतं. अभिनंदन!

आपलं खरं कर्तृत्व समजून घ्यायचं तर डीएलएफच्याच 'बेलेर' प्रकल्पाचं प्रकरण बघावं. तिथल्या खरेदीदारांना 19 मजले आणि 368 घरं सांगितली होती. पुढे मजले झाले 29 आणि घरं 564. जमीन तेवढीच. बाग, रस्ता, क्लब यांतला प्रत्येकाचा वाटा आक्रसला. पैसे मात्र कुणी परत केले नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2011 मध्ये डीएलएफला 630 कोटींचा दंड ठोठावला आणि मग अपिलं सुरू झाली, ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. म्हणजे आपण लवचीक आहात. वाढायचं तर आपण वाढता, वाटायचं तर आम्ही आकसतो.

वेळेचंही आपण दोन मापांनी मोजता. सेक्टर 62 मधल्या 'अराया' प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 एप्रिल 2019 ला एका करारनाम्याची कलमं वाचली. ग्राहकाचा हप्ता उशिरा आला तर व्याज 18 टक्के. बिल्डरने ताबा उशिरा दिला तर ग्राहकाने आधी मुदत संपायची वाट बघायची, मग वाढीव मुदतीची, मग आणखी बारा महिने, मग नोटीस, मग परताव्यासाठी नव्वद दिवस. त्यानंतरही पैसे आले नाहीत तर व्याज 9 टक्के. न्यायालयाने अशा एकतर्फी अटींना अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं. महाभारतात एकलव्याने एकदाच अंगठा दिला आणि सुटला. त्याच्या गुरूच्या नावाच्या या गावात आम्ही करारनाम्याच्या प्रत्येक पानावर सही देतो.

एवढं मोठं काम आपल्या एकट्याच्या हातून झालेलं नाही, याची मला कल्पना आहे. आपण शहराला आपला गुण लावलात. 1975 च्या हरियाणाच्या कायद्याने खासगी विकासकांना वसाहती उभारायचे परवाने मिळाले. फाटकाच्या आतलं बिल्डरने बघायचं, बाहेरचे रस्ते, पाणी आणि मलनिस्सारण सरकारने. त्यासाठी ईडीसी नावाचं शुल्क घर घेणाऱ्यांकडून वसूल होतं. आम्ही ते भरलं. विकासकांकडून सरकारकडे जायचे त्यातले हजारो कोटी थकले. महानगरपालिका आली ती 2008 मध्ये. तोवर निम्मं शहर विकून झालं होतं. म्हणजे फाटकाबाहेरचं गुरुग्राम हाही आपलाच एक प्रकार : पैसे मोजलेले आहेत, जागेवर काही नाही.

28 जुलै 2016 ची संध्याकाळ आपल्याला आठवत असेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने गुडगावचं गुरुग्राम करायची घोषणा केली होती. पाऊस पडला, बादशाहपूर नाला भरून वाहिला, हिरो होंडा चौक पाण्याखाली गेला आणि माणसं रात्रभर गाड्यांत बसून राहिली. नव्या नावाला चिकटून 'गुरुजाम' हा शब्द दुसऱ्याच दिवशी तयार झाला. नंतर बभ्रा झाला, की खांडसा गावाजवळ नाला अरुंद झालेला होता. म्हणजे नाल्याचंही सुपर आणि कार्पेट वेगळं निघालं. आता तर पावसाळ्यात पाणी तुंबलं नाही तरच बातमी होते. टॉवरच्या बाल्कनीतून मात्र ते फार सुरेख दिसतं. 'लेक व्ह्यू'चे पैसे अजून कुणी मागितले नाहीत, हे नवल.

इथे जरा थट्टा बाजूला ठेवतो. 10 फेब्रुवारी 2022 ला सेक्टर 109 मधल्या 'चिंटल्स पॅराडिसो'च्या डी टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावरची जमीन कोसळली आणि खालचे स्लॅब एकामागून एक घेऊन गेली. दोन स्त्रिया मेल्या. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आणि त्याने गंजलेल्या सळया सापडल्या. आधी तो टॉवर, मग आणखी काही टॉवर राहण्यास असुरक्षित ठरले. त्याच वर्षी सेक्टर 37 डी मधल्या 'ग्रीन व्ह्यू'मधल्या लोकांनाही घरं सोडावी लागली, आणि ती तर एनबीसीसी या सरकारी कंपनीने बांधलेली. एरिया म्हणजे लांबी गुणिले रुंदी. काँक्रीटमध्ये काय कालवलं आहे, हे ना सुपरमध्ये येतं ना कार्पेटमध्ये. चौरस फुटांवरून भांडणाऱ्या आम्हा लोकांनी पायाखालच्या जमिनीची जाडी कधी विचारलीच नाही. या एका गोष्टीचा दोष मी आपल्याला देत नाही. आपण फक्त लक्ष दुसरीकडे वेधून घेतलंत.

आमच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करायला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर आणि गार्ड जवळच्या गावांत राहतात, चक्करपूर, वझीराबाद, कन्हईसारख्या. आपल्या ज्या लॉबीसाठी मी पैसे मोजतो तिथल्या सोफ्यावर त्यांनी बसायचं नसतं. त्यांची लिफ्टही वेगळी. मात्र संध्याकाळी ज्या खोलीत त्या परततात ती भिंतीपासून भिंतीपर्यंत तेवढीच असते आणि भाडंही तेवढ्याचंच असतं. क्लब हाऊसचा वाटा नाही, लोडिंगच्या नावाने वाढवलेले फूट नाहीत, पार्क फेसिंगचे पैसे नाहीत. खोली लहान आहे, संडास सामाईक आहे, त्याचं कौतुक करावं असं काही नाही. पण एवढ्या मोठ्या शहरात आपला शिरकाव झाला नाही अशी जागा म्हणून दाखवायला माझ्याकडे तेवढीच आहे.

असो. पत्राचा मुद्दा असा, की आपला हिशेब आता चुकता करावा. मी तीन पर्याय देतो.

एक, आपण माझ्या हप्त्यातला आपला वाटा, म्हणजे 1,745 पैकी 665, दरमहा पाच तारखेच्या आत जमा करावा. मेंटेनन्स वेगळा. त्यावरचा जीएसटीही वेगळा. आपण उशीर केलात तर व्याज 18 टक्के. मी केला तर 9. दर आपल्या ओळखीचेच आहेत.

दोन, आपण गुरुग्राम सोडून जावं आणि जाताना आपल्या नावावरची किंमत मागे ठेवावी. भाव कमी होतील म्हणून घाबरू नये. भाव तेवढाच राहील. फक्त लोकांना तो पहिल्यांदा खरा दिसेल, आणि कदाचित त्यांना चेक फाडण्याआधी पाणी प्यावंसं वाटेल.

तीन, हे दोन्ही जमत नसेल तर ताबा द्यावा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी स्वतः घेणार आहे. गच्चीचं कुलूप काढून तिथे उन्हाळी कुरडया आणि सांडगे वाळत घालीन. लोणच्याच्या बरण्या जिमच्या ट्रेडमिलवर ठेवीन, ते तसंही कुणी वापरत नाही. डोंबिवलीचं शिवणयंत्र लॉबीच्या झुंबराखाली बसेल आणि गणपतीचं मखर दिवाळीपर्यंत क्लब हाऊसमध्येच राहील. आरडब्ल्यूएची, म्हणजे रहिवासी संघाची, नोटीस आली की उत्तरादाखल मी करारनाम्याचं क्षेत्रफळाचं पान जोडीन आणि विचारीन : यातले माझे 665 फूट नेमके कोणते, ते खडूने आखून द्या, त्याच्या बाहेर एक कुरडई गेली तर दंड करा.

कळावे.

आपला (कार्पेटपुरता),
एक फ्लॅटधारक