रिपोर्ट नॉर्मल आहे

माझ्या आजीच्या वैद्यकशास्त्रात आजार तीनच होते: पित्त, वात आणि दृष्ट. डोकं धरलं की पित्त, गुडघा धरला की वात, आणि या दोहोंत न बसणारं जे उरेल ती दृष्ट. उपचारही ठरलेले. पित्तावर मोरावळा, वातावर सुंठ नि एरंडेल, आणि दृष्टीवर मीठ-मोहऱ्या नि सुक्या मिरच्या. ओवाळलेल्या मिरच्या चुलीत टाकल्यावर घरभर ठसका उठला, तर दृष्ट नव्हतीच. नाही उठला, तर ती जबरदस्त होती, पण आता उतरली. म्हणजे तपासणी आणि उपचार एकाच फटक्यात, रिपोर्ट तिथल्या तिथे, आणि काहीही निघालं तरी पेशंट बरा. ‘काही सापडत नाही’ हे वाक्य आजीच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही.

मी तिचा नातू, पण पॅथॉलॉजी लॅबच्या जमान्यातला. आमच्या पेठेत आता किराणा देणाऱ्यांपेक्षा रक्त घेणारे जास्त झालेत. सकाळी सातला एक मुलगा स्कूटरवरून येतो, दंडाला रबर बांधतो, आणि संध्याकाळी फोनवर पीडीएफ हजर. तिच्यात सगळं असतं. मला काय झालंय, तेवढंच नसतं.

सुरुवात डाव्या डोळ्याने केली. खालची पापणी लवायला लागली ती थांबेचना. ऑफिसातल्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, “पुरुषाचा डावा डोळा लवणं चांगलं नाही हो. उजवा असता तर धनलाभ होता.” मी पडलो विज्ञानवादी, म्हणून फोन उघडला. विज्ञानाने पहिल्या ओळीत सांगितलं की झोप कमी पडत असेल. दुसऱ्या ओळीत सांगितलं की चहा जास्त होत असेल. तिसऱ्या ओळीत मज्जासंस्थेच्या एका आजाराचं नाव होतं. सामान्य माणसाचं वाचन दुसऱ्या ओळीला संपतं. आम्हा लोकांचं तिसरीपासून सुरू होतं. रात्री दोन वाजेपर्यंत मी त्या आजारावर वाचत बसलो, त्यामुळे झोप आणखी कमी झाली, म्हणून सकाळी चहा आणखी वाढला, आणि पापणी दुप्पट जोमाने लवू लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले. झोपता किती आणि चहा किती. मग म्हणाल्या, “याला मायोकिमिया म्हणतात. पापणीचा बारीक स्नायू आपला आपण थरथरतो. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत थांबेल.” औषध दिलं नाही. पण दवाखान्याचा जिना उतरतानाच मला बरं वाटू लागलं होतं. मायोकिमिया! ऑफिसात सांगायला किती भारदस्त. कुलकर्णीबाईंना तर मी तो दोनदा उच्चारून दाखवला. तेव्हा ध्यानात आलं की मला औषध नकोच होतं, नाव हवं होतं. आजी हेच तर करायची. नाव चटकन द्यायची.

पापणी थांबली आणि हृदयाने काम हाती घेतलं. रात्री डाव्या कुशीवर झोपलो की मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा आणि पुढचा असा दणका द्यायचा की मी उठून बसायचो. मी उठलो की ही उठायची. “अहो, काय झालं?” “ठोका चुकला.” “मग आता?” “आता बरोबर पडतोय.” “मग झोपा की!” या संवादातलं शेवटचं वाक्य वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे हे मला पुढे कळलं. असंच असतं ते. एखादा ठोका वेळेआधी पडतो, तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो जाणवत नाही. मग थोडी जास्त उसंत मिळते, तेवढ्यात रक्त जास्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. दिवसाकाठी हृदय साधारण एक लाख ठोके देतं. त्यातले काही घाईत पडणं चांगल्या धडधाकट माणसांतही चालतं. त्यांना ते कळत नाही, कारण ती माणसं झोपलेली असतात.

ईसीजी काढला. अर्थातच त्या अर्ध्या मिनिटात हृदय शहाण्यासारखं वागलं. मग होल्टर लावलं. छातीवरचे केस जागोजागी भादरून तारा चिकटवतात, कमरेला डबी बांधतात, चोवीस तास अंघोळ बंद. सोबत एक वही देतात. काय करताना काय वाटलं ते वेळेसकट लिहायचं. शिक्षणाधिकारी येणार म्हटल्यावर शाळा जशी वागते, तसं माझं हृदय तो दिवसभर वागलं. माझी वही मात्र भरगच्च झाली. १०.१५: जिना चढलो, काही नाही. ११.४०: विजेचं बिल आलं, धडधड. ११.५०: हिला बिल दाखवलं, हिची धडधड. ९.००: बातम्या लावल्या, धडधड, पण ती घरात सगळ्यांनाच. तंत्रज्ञ वही वाचून गालातल्या गालात हसला. डॉक्टर म्हणाले, “चार-दोन जास्तीचे ठोके आहेत, ते सगळ्यांनाच असतात. रिपोर्ट नॉर्मल आहे.”

रिपोर्ट नॉर्मल आला की ही देवापुढे साखर ठेवते. मला मात्र मिठाई खाववत नाही. नॉर्मल म्हणजे आजार नाही, असं तिला वाटतं. मला वाटतं, म्हणजे तो अजून सापडलेला नाही. इतके पैसे खर्चून, इतके केस गमावून हातात काय, तर काहीच नाही! शेजारच्या काकांना साखर निघाली. चारचौघांत ते चहा नाकारतात तेव्हा सगळे आदराने बघतात. माझ्या दुखण्याला ना नाव, ना पथ्य, ना मान.

मग एका दिवाळीत लॅबची जाहिरात आली. सत्तरच्या वर चाचण्या, सणानिमित्त सवलत. फराळाच्या आधी केलेल्या बऱ्या, असं म्हणून मी नाव नोंदवलं. संध्याकाळी पीडीएफ उघडली तर पानापानावर ठळक अक्षरं. ज्यांचा उच्चारही मला जमत नाही, अशा तीन गोष्टी माझ्या रक्तात किंचित कमी आणि एक किंचित जास्त होती. मी अंथरूण धरण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात पुतणी आली. ती मिरजेला डॉक्टरी शिकते. पीडीएफ बघून ती हसली आणि तिने मला गणित घातलं.

ते सगळ्यांनीच घालून बघावं असं आहे. पुष्कळशा रक्तचाचण्यांची ‘नॉर्मल’ची चौकट ठरवताना निरोगी माणसांच्या मोठ्या गटाचे आकडे मांडतात आणि मधले ९५ टक्के आत घेतात. कडेचे ५ टक्के बाहेर राहतात. ही बाहेरची माणसंही निरोगीच असतात, पण कुठेतरी रेघ मारावी लागते. म्हणजे धडधाकट माणसाची एक चाचणी केली, तर ती चौकटीबाहेर जायची शक्यता विसात एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर निदान एक तरी बाहेर जायची शक्यता ६४ टक्के. “आणि काका, तुम्ही सत्तर केल्यात,” ती म्हणाली. “चारेक तर बाहेर येणारच.” सवलतीच्या पैशांत मी किती ठळक अक्षरं विकत घेतली, त्याचा हिशेब झाला. डॉक्टर आधी संशय घेतात आणि मग चाचणी लिहितात. आपण आधी चाचणी करतो आणि मग संशय शोधत फिरतो. ही पॅकेजं म्हणजे शुद्ध भीतीची दुकानदारी आहे, असं माझं मत आहे. पुढच्या दिवाळीतही ते टिकावं, एवढीच इच्छा.

आकड्यांचं हे वेड काही माझ्या एकट्याचं नाही. २०२० आणि २१ ची ती दोन वर्षं आठवा. घरोघर तापमापीशेजारी ऑक्सिमीटर आला. ९४ च्या खाली गेलं की काय करायचं, ते पोराटोरांना पाठ. सहा मिनिटं हॉलमध्ये येरझाऱ्या घालून पुन्हा बोट अडकवायचं. पारावर पूर्वी शेताचे बांध निघायचे, तिथे एचआरसीटीचा पंचवीसपैकी स्कोअर निघू लागला. तेव्हाची भीती खरी होती, माणसं डोळ्यांदेखत गेली, त्यावर विनोद नको. पण साथ गेली आणि ऑक्सिमीटर राहिला. आमच्याकडे पाहुण्यांना अजून चहाच्या आधी तो मिळतो. बोटं गार असली की आकडा चुकतो, नखाला रंग असला तरी चुकतो, हे एव्हाना मला अनुभवाने ठाऊक आहे. मेव्हणीचा ८९ निघाला तेव्हा मी रिक्षा बोलावली होती. तिने नखं पुसली आणि ती ९८ झाली.

त्या पुतणीचंही सांगायला हवं, कारण ती फार शहाणपणाने बोलते. दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजी शिकताना मानेवरची एक गाठ चाचपत ती आठवडाभर रडत होती. वर्गातल्या निम्म्या मुलांना त्या महिन्यात शिकवलेला आजार झाला होता, आणि पुढचा धडा सुरू झाल्यावर सगळ्यांचे आजार बदलले. वैद्यकीय विद्यार्थ्यांचं हे दुखणं डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. अर्धवट वैद्यकी अंगात भिनली की असं होतंच. चार्ल्स डार्विन तरुणपणी एडिंबरोला डॉक्टरी शिकायला गेला आणि ती अर्धी टाकून आला. १८३१ साली बीगल बोट निघायची वाट बघत तो बंदरावर अडकला, तेव्हा छातीत धडधड आणि दुखणं सुरू झालं. हृदयविकारच हा, अशी त्याची खात्री. पण डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर जाऊ देणार नाहीत आणि बोट चुकेल! हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्यानंतर तो पन्नास वर्षं जगला. त्या पन्नास वर्षांतला मोठा काळ मात्र उलट्या, पोटातला वायू आणि धडधडीत गेला. १८४९ मध्ये तो माल्व्हर्नला जाऊन गार पाण्याच्या ओल्या चादरींत गुंडाळून घेत होता आणि प्रकृतीची रोजनिशी लिहीत होता. त्याला नेमकं काय झालं होतं यावर डॉक्टर लोक अजून भांडतात. माझी होल्टरची वही मी आता टाकत नाही, ती त्यामुळे.

आम्हा लोकांच्या भात्यात दुसरा बाण मोलिएरचा. नसलेल्या आजारांनी खंगलेल्या माणसावर त्याने फ्रेंचमध्ये प्रहसन लिहिलं आणि ती भूमिका स्वतः केली. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी चौथ्या प्रयोगात रंगमंचावरच त्याला त्रास सुरू झाला. त्याने प्रयोग रेटून पुरा केला आणि त्याच रात्री गेला. “तुमच्या मनाचे खेळ आहेत,” असं कुणी म्हणालं की मी हे ऐकवतो. माणूस गप्प होतो. मीही मग रात्रभर गप्प पडून राहतो.

तरी ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग खराच आहे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखायचं थांबत नाही. ज्याचं दुखतं त्याचं दुखतंच. कारण सापडलं नाही एवढंच. पण आपलं अंग आपल्याला मुळात ठाऊक नसतं, हेही तितकंच खरं. एकदा टॉर्च लावून आरशात घसा बघितला, तर जिभेच्या मुळाशी मोठमोठे उंचवटे ओळीने उभे. मी हिला हाक मारली. तिने माझ्या हातातून टॉर्च घेतला, आधी स्वतःची जीभ पाहिली, मग मुलाची. दोघांनाही तेच! घरातली साथ आहे, असं मी म्हणणार होतो. पुतणीने फोनवर सांगितलं की ते सगळ्यांना असतात, आठ-दहा-बारा, आणि त्यांच्यात चव कळायची सोय असते.

नंतर छातीच्या मधोमध, बरगड्या संपतात तिथे, एक टणक गाठ लागली. मी ती रोज दाबून बघू लागलो. दाबल्यावर दुखू लागली तशी खात्रीच पटली. पुतणी म्हणाली, “काका, ते छातीच्या हाडाचं खालचं टोक. तरुणपणी मऊ कूर्चा असते, चाळिशीच्या आसपास हाड व्हायला लागतं. आणि सारखं दाबल्यावर कुणाचंही दुखेल.” डोक्यामागे लागलेल्या उंचवट्याबद्दल तर हिनेच निकाल दिला: “लग्न झाल्यापासून तेल लावतेय, रोज हाताला लागतं ते. तुम्हाला आज कळलं होय?”

शेवटी मला माझं नाव मिळालं, तेही पुतणीच्याच पुस्तकात. मानसोपचारातल्या एका मोठ्या अमेरिकी निर्देशग्रंथाने २०१३ साली जुनी बिरुदावली मोडून दोन नवी खाती उघडली. लक्षणं आहेत आणि त्यांची काळजी अफाट आहे, ते एका खात्यात. लक्षणं फारशी नाहीत, पण काळजी पूर्ण आहे, ते दुसऱ्यात. यावर गोळीपेक्षा बोलून करायच्या उपचारांचा चांगला गुण येतो म्हणे. इतकी वर्षं मी दुखण्याला नाव शोधत होतो आणि नाव होतं काळजीला. मी खूश झालो. ही म्हणाली, “हे मी फुकट सांगितलं असतं.”

सध्या आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांशी माझा करार झालाय. दुखो न दुखो, ठरल्या दिवशी जायचं, सगळं एकदम सांगायचं, मध्ये फोन उघडायचा नाही आणि त्यांनी लिहिल्याशिवाय रक्त द्यायचं नाही. ते ऐकून घेतात, हात लावून तपासतात, आणि ‘काही नाही’ म्हणण्याऐवजी काय आहे ते सांगतात. बहुतेक वेळा ते पित्त असतं. आजीचं शास्त्र अगदीच टाकाऊ नव्हतं.

एक मात्र वाचकांना सांगून ठेवतो. छातीवर दडपण येऊन घाम फुटला, कळ हातात नाहीतर जबड्यात उतरली, चेहऱ्याची एक बाजू ओघळली, बोलणं अडखळलं, तर हा लेख आठवू नका, तिसरी ओळही वाचू नका. १०८ ला फोन लावा. बाकीच्या बारीकसारीक दुखण्यांसाठी सकाळपर्यंत थांबलं तरी चालतं. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना दहाला उघडतो, आणि पहिला नंबर बहुधा माझा असतो.